पन्नासची काच

धान कापून झालं की आमच्याकडचं आभाळ एकदम मोठं होतं. दिवाळीनंतरच्या त्या पंधरवड्यात बांध्या मोकळ्या होतात, खळ्यात पुंजणे उभे राहतात, आणि पहाटे बोडीवरून, म्हणजे तळ्यावरून, उठलेलं धुकं त्या पुंजण्यांमधून वाट काढत गावात शिरतं. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुपारी दंडार, रात्री नाटक. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला वर्षभर ज्या दिवसांची ओढ असते ते हेच दिवस.

मला माझा लघुपट याच दिवसांत करायचा होता. हाताशी दिवस होते तीन. कॅमेरा एका मैत्रिणीकडून उसना आणलेला, तो चौथ्या दिवशी नागपूरला पोचवायचा होता. आम्ही पाच जणं होतो आणि खर्चाला २२,००० रुपये होते. त्यातले निम्मे जेवणखाणात, जाण्यायेण्यात आणि ध्वनिमुद्रणाच्या यंत्राच्या भाड्यात जाणार हे आधीच ठरलेलं. सिनेमाच्या लेन्स भाड्यानं आणायच्या तर एका दिवसाच्या भाड्यातच आमची थैली रिकामी झाली असती. म्हणून मी अर्जुनीला मामाजींकडे गेले.

अर्जुनी मोरगावच्या बाजारओळीत मामाजींचा फोटो स्टुडिओ होता. १९८३ साली त्यांनी तो टाकला तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा व्हायला १ मे १९९९ उजाडायचं होतं. एक पेंटॅक्स के १००० कॅमेरा, २८, ५० आणि १३५ मिलिमीटरच्या तीन लेन्स, एक फ्लॅश आणि मागे निळ्या आभाळाचा रंगवलेला पडदा एवढ्या भांडवलावर त्यांनी दोन पिढ्यांचे चेहरे टिपले. के १००० हा कॅमेरा १९७६ साली निघाला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला. तो पूर्ण यांत्रिक. बॅटरी लागते ती फक्त प्रकाश मोजणाऱ्या काट्याला. ती संपली तरी कॅमेरा चालतो. वीज जाणं हा जिथं रोजचा भाग होता तिथं या कॅमेऱ्यानं माणसांना कधी परत पाठवलं नाही.

मामाजींनी लोखंडी पेटी उघडली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या तिन्ही लेन्स निघाल्या. १३५ च्या आत बुरशी धरली होती. उजेडासमोर धरलं की झाडाच्या मुळांसारखे पांढरे बारीक धागे दिसत. आमच्याकडचा पावसाळा चार महिने भिंती ओल्या ठेवतो, तो काचेलाही सोडत नाही. २८ ची ठीक होती. आणि पन्नासची तर तळ्याच्या पाण्यासारखी स्वच्छ. तिच्या पुढच्या काचेवर खिडकीतलं ऊन पडलं आणि आतून एक जांभळट हिरवी झाक उमटली. मी ती हातात घेतली. जड होती. फोकसची कडी फिरवली तर ती तुपात फिरावी तशी फिरली.

‘हिनं तुझ्या आईचं लग्न पाह्यलं,’ मामाजी म्हणाले.

आईचंच कशाला, निम्म्या तालुक्याचं लग्न त्या काचेतून गेलं होतं. दहावीच्या फॉर्मवरचे घाबरलेले चेहरे, सैन्यात निघालेली पोरं, पहिलं बाळ मांडीवर घेऊन बसलेल्या बाया, आणि कधीकधी खाटेवरून अंगणात आणून ठेवलेला, फुलांनी झाकलेला एखादा म्हातारा, ज्याचा जिवंतपणी एकही फोटो काढायचा राहून गेला होता. मामाजी अशा घरी गेले की पैसे मागत नसत. हे मला आईनं सांगितलं, त्यांनी कधीच नाही.

आता या काचा आजच्या कॅमेऱ्याला लावायच्या कशा? उत्तर साध्या मापाचं आहे. प्रत्येक कॅमेऱ्यात लेन्सच्या बसकणीपासून फिल्मपर्यंत, आता सेन्सरपर्यंत, ठरावीक अंतर असतं. पेंटॅक्समध्ये ते ४५.४६ मिलिमीटर आहे, कारण आत आरसा हलायला जागा हवी. आमच्या उसन्या सोनी मिररलेस कॅमेऱ्यात आरसाच नाही. तिथं हे अंतर १८ मिलिमीटर. मधला फरक सुमारे साडेसत्तावीस मिलिमीटरचा. अडॅप्टर म्हणजे तेवढ्या उंचीचं धातूचं पोकळ कडं, एका तोंडाला पेंटॅक्सची खाच आणि दुसऱ्या तोंडाला सोनीची. त्याच्या आत काच नाही, तार नाही, काहीच नाही. काही शे रुपयांत ते मिळतं. चाळीस वर्षांपूर्वीची काच आणि आजचा सेन्सर यांच्यामध्ये एवढीच रिकामी जागा भरायची असते.

त्या कड्याकडे मी खूप वेळ बघत बसले होते. कारण आपल्या सिनेमाचा जन्मच स्थिर चित्राला चालत्या चित्राशी जोडणाऱ्या अशा कड्यातून झाला आहे. दादासाहेब फाळके मुळात छायाचित्रकार. बडोद्याच्या कलाभवनात शिकले, गोध्र्यात स्टुडिओ चालवला. १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर, पैसे घालणाऱ्यांना पटावं म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचं उगवणं दिवसेंदिवस, चौकटीमागून चौकट टिपत ‘अंकुराची वाढ’ हा छोटा चित्रपट केला. स्थिर चित्रं एकापुढे एक ठेवून त्यांनी रोपाला चालायला लावलं. त्यानंतर ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. तिकडे कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर स्वतःच कॅमेरा घडवायला बसले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी आपले सहकारी दामले यांना हाताशी धरून १९१८ साली तो पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आला. आपला पहिला देशी कॅमेरा हा पडदे रंगवणाऱ्या हातांनी घडला, हे झाडीपट्टीतल्या मुलीला विसरता येत नाही. आमच्या नाटकांचे पडदेही असेच रंगवलेले असत आणि त्यांवरच्या राजवाड्यापुढे आम्ही थंडीत पहाटेपर्यंत जागे राहायचो.

माझ्या लघुपटाची गोष्ट छोटीशी होती. एके काळी मंडईच्या नाटकाला गॅसबत्त्या पेटवणारा एक म्हातारा. आता जनरेटर आहे, झगझगीत दिवे आहेत. एका रात्री नाटक ऐन रंगात असताना जनरेटर बंद पडतो आणि कुणाला तरी त्या म्हाताऱ्याची आठवण होते. एवढंच. म्हाताऱ्याच्या भूमिकेला नट शोधला नाही. मामाजींच्या ओळखीतले एक आबाजी होते, नवेगावबांधकडच्या एका गावातले, पाच बांध्यांचे शेतकरी. तरुणपणी त्यांनी खरोखरच गॅसबत्त्या सांभाळल्या होत्या.

पहिल्या दिवशी मला घाईचा अर्थ कळला. आमचा जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला. मुंबईपेक्षा इथं सूर्य साधारण अर्धा तास आधी उगवतो आणि अर्धा तास आधी मावळतो. नोव्हेंबरात साडेपाचला ऊन संपतं. पहाटेचं धुकं विरायच्या आत एक प्रसंग, उतरत्या उन्हात दुसरा, आणि मधल्या टळटळीत दुपारी जे जमेल ते. कॅमेऱ्याचं शटर आम्ही सेकंदाच्या एक पन्नासांशावर बांधून टाकलं होतं. आपल्याकडच्या विजेची आवर्तनं सेकंदाला ५०, त्यामुळे या गतीला बल्ब आणि ट्यूबलाइट पडद्यावर लुकलुकत नाहीत, आणि माणसाचं चालणंही डोळ्याला सवयीचं दिसतं. पण मग उन्हात उजेड फार होतो. त्यावर गडद एनडी फिल्टर चढवावा लागतो, लेन्सला घातलेला काळा चष्माच तो. इथं मामाजींची जुनी निवड आमच्या कामी आली. त्यांच्या तिन्ही लेन्सच्या तोंडाचा आटा एकच, ४९ मिलिमीटरचा. एक फिल्टर घेतला आणि तो तिघींनी वाटून घातला, बहिणी एकच चांगलं लुगडं आळीपाळीनं नेसतात तशा.

या लेन्सवर झूम नाही. जवळचं हवं असेल तर पायांनी जवळ जावं लागतं. आपोआप फोकस नाही. कडी हातानंच फिरवायची. उजेडाची कडी प्रत्येक आकड्यावर कट्कन वाजते, म्हणजे शॉट चालू असताना तिला हात लावायचा नाही. जे ठरवायचं ते आधी ठरवायचं. माझ्या भावाकडे फोकसचं काम होतं. त्यानं लेन्सच्या अंगावर पांढरी पट्टी गोल चिकटवली, शिंप्याच्या टेपनं कॅमेऱ्यापासून आबाजींपर्यंतचं अंतर मोजलं, आबाजी जिथं थांबणार तिथं जमिनीवर तणसाची काडी ठेवली आणि पट्टीवर पेन्सिलीनं खूण केली. पहिल्या काडीला पहिली खूण, दुसऱ्या काडीला दुसरी. पन्नासची पूर्ण उघडली की तीन मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा वीत-सव्वा विताचा. आबाजी काडीच्या पुढे पाऊल टाकतील तर डोळे धूसर आणि कान स्पष्ट.

मला वाटलं होतं की यात वेळ जाईल. उलट झालं. आदल्या वर्षी मी एका प्रशिक्षण शिबिरात महागड्या झूम लेन्सनं काम केलं होतं. तिथं प्रत्येक शॉटपूर्वी आमची चर्चा चाले: थोडं रुंद घ्यायचं का, थोडं आवळायचं का, दोन्ही घेऊन ठेवू का. संपादनाच्या वेळी पाहू म्हणत आम्ही बघणंच पुढे ढकलत राहिलो आणि दोन दिवसांत फक्त चार मिनिटं उपयोगाची निघाली. इथं प्रश्नच दोन होते. २८ की ५०? उभं कुठं राहायचं? एकदा पाय रोवले की बाकीचं सगळं आबाजींच्या चेहऱ्यावर सोपवून द्यायचं. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत आमचे अकरा शॉट झाले होते आणि त्यातला एकही मला परत घ्यावासा वाटला नाही.

बुरशीच्या १३५ ला मी पेटीतच ठेवणार होते. बुरशी काचेवरचा लेप खाते, चित्रातला काळा रंग पांढुरका करते. तिच्यात गोड मानण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे बोडीच्या पाळीवरून आबाजी येताना दिसायला हवे होते, दूरवरून, बदकांच्या थव्यामागून. दुसरी लांबची लेन्स नव्हती. लावली. उगवत्या सूर्याचा उजेड त्या धाग्यांवर पसरला आणि सगळं चित्र दुधात भिजल्यासारखं झालं. त्या एका शॉटला ते शोभलं, कारण बाहेर धुकं होतंच. दुपारी तिला फडक्यात परत गुंडाळलं.

त्या बोडीबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. आमच्याकडे तळी म्हणजे निसर्गानं दिलेली देणगी नव्हे. ती माणसांनी बांधली. कोहळी समाजानं पिढ्यानपिढ्या उतार वाचून, दोन टेकड्यांमधली फट हेरून पाळी घातल्या. नवेगावबांधचं मोठं तळं कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं परंपरा सांगते, आणि भोवतीच्या टेकड्यांना लोक सात बहिणी म्हणतात. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून याच तळ्याकाठी वर्षं काढली आणि इथले पक्षी मराठीत आणले. सगळी दरी अडवायची नाही, फक्त फट भरायची. टेकड्या आहेत तिथंच राहतात आणि पाणी साठतं. हातातल्या साडेसत्तावीस मिलिमीटरच्या कड्याकडे बघताना मला ती पाळ आठवत होती.

तिसरी रात्र गॅसबत्तीची. रॉकेल मिळवण्यातच अर्धा दिवस गेला, जाळी वडशाच्या एका जुन्या दुकानात मिळाली. आबाजींनी बत्ती मांडीशी घेतली. स्पिरिट पेटवून नळी तापवली, मग पंपानं हवा भरायला लागले. पोरांपैकी एकानं पंप घेतला तर म्हणाले, ‘हवा जास्त मारसान तं जारी फाटते, बाबू.’ एकदा जळलेली जाळी नुसती राख असते, राखेचं विणलेलं टोपडं. बोट लागलं तरी गळून पडते. पण तीच राख पांढरीशुभ्र पेटते आणि अख्खं अंगण उजळतं. तो फुस्स आवाज सुरू झाला, आबाजींच्या हनुवटीखालून उजेड वर चढला, आणि माझ्या भावानं लेन्स दोनच्या आकड्यावर उघडली.

उसन्या कॅमेऱ्यासोबत आलेली साधी झूम लेन्स पुढे ताणली की ५.६ या आकड्यापलीकडे उघडत नाही. दोनवर उघडलेली पन्नासची तिच्या आठपट उजेड आत घेते. एका गॅसबत्तीवर चित्रण करता येणं आणि न येणं यातला फरक एवढाच असतो. स्टॅन्ली कुब्रिकनं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’साठी मेणबत्त्यांच्या उजेडात प्रसंग घेतले ते याच वाटेनं. झाइस कंपनीनं नासासाठी बनवलेली ०.७ ची पन्नास मिलिमीटरची स्थिरचित्रणाची लेन्स त्यानं सिनेमाच्या कॅमेऱ्यावर बसवून घेतली. त्यासाठी कॅमेराच कापूनकुपून बदलावा लागला. चंद्रासाठी घडलेली काच मेणबत्तीकडे वळली. आमची काच लग्नमंडपासाठी घडलेली, ती गॅसबत्तीकडे वळली. जगातल्या सगळ्यात मोठ्या दिग्दर्शकाची अडचण आणि आमची अडचण एकच होती: अंधारात बसलेल्या माणसाचा चेहरा दिसायला हवा, आणि त्याच्या तोंडावर परका दिवा मारायचा नाही.

शेवटचा शॉट घरातला. आबाजी बत्ती घेऊन आत येतात, भिंतीवरच्या फोटोसमोर थांबतात, बत्ती खाली ठेवतात. भिंतीवर आबाजींच्या घरचाच फोटो होता, त्यांच्या बायकोचा. ती जाऊन नऊ वर्षं झाली होती. निळ्या आभाळाच्या पडद्यासमोर खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर, पदर डोक्यावर, डोळे सरळ समोर. फोटोच्या कोपऱ्यात मामाजींच्या स्टुडिओचा शिक्का.

मामाजी त्या रात्री आम्हाला डबा घेऊन आले होते. ते फोटोजवळ गेले, चष्मा वर सरकवून बघत राहिले आणि हळूच म्हणाले, ‘हा पन्नासनंच काढला.’

आबाजींनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग लेन्सकडे. मग मामाजींना विचारलं, ‘म्हंजे तिले पाह्यलं ते याच डोऱ्यानं का जी, भाऊ?’

‘हो जी. याच.’

आबाजी लेन्सच्या अगदी समोर येऊन उभे राहिले. वाकून आत बघितलं, विहिरीत बघावं तसं. कुणी काही बोललं नाही. मग त्यांनी उपरण्याचं टोक हातात घेतलं, पण काचेला लावलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘काच पुसून घेजा, बाई. आता करू.’

तो शॉट एका टेकमध्ये झाला. ते आत आले, तणसाच्या काडीवर थांबले, बत्ती ठेवली, वर पाहिलं. पटकथेत लिहिलं होतं की दहा सेकंद थांबायचं. ते किती थांबले ते मी मोजलं नाही. मी ‘कट’ म्हटलं तेव्हा बत्तीतली हवा उतरायला लागली होती.

काचेत काही साठून राहत नाही, हे मला माहीत आहे. उजेड येतो आणि निघून जातो. बाईचा चेहरा त्या लेन्समध्ये कुठंही नव्हता. पण ज्या काचेतून तिला एकदा पाहिलं गेलं त्याच काचेतून तिच्याकडे बघणाऱ्या नवऱ्याला आम्ही पाहत होतो, आणि हे त्याला माहीत होतं. त्या माहीत असण्यानं त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कोणत्याही नटाला सांगून आणू शकले नसते. लाख रुपये भाड्याची लेन्स असती तर चित्र कदाचित अधिक काटेकोर आलं असतं. ती त्या घरात पाहुणी असती.

आमच्या जिल्ह्याकडे बाहेरचा कॅमेरा येतो तो वाघासाठी, सारसासाठी, नाहीतर जंगलातल्या गोळीबाराच्या बातमीसाठी. वाघ आणि सारस यावेतच पडद्यावर. सारस तर महाराष्ट्रात मुख्यतः आमच्या धानाच्या बांध्यांमध्येच उरला आहे. पण रोवणी करणारी बाई, भातगिरणीतल्या कोंड्यानं पांढरा झालेला हमाल, तेंदूपानाचे पुडे बांधणारी पोरगी, नाटकाच्या रात्री तिकिटं फाडणारा मास्तर, यांच्याकडे बघायला बाहेरून कुणी येणार नाही. ते आम्हालाच बघावे लागतील, आमच्या हाताशी जे आहे त्यानंच. आणि हाताशी काय आहे हे आम्ही कधी नीट मोजलंच नव्हतं.

म्हणून एक मागणं आहे. तालुक्याच्या प्रत्येक बाजारगावात एखादा बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे. मोबाइल आला आणि त्यांचं शटर खाली आलं. आत कुठंतरी कपाटात पेंटॅक्स असेल, याशिका असेल, निकॉन असेल. त्या लेन्स भंगारात घालू नका. बाहेर काढा, कोरड्या उन्हात थोडा वेळ ठेवा, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. बुरशी धरली असेल तर लवकर साफ करून घ्या, ती थांबत नाही. आणि गावातलं एखादं पोर किंवा पोरगी कॅमेरा घेऊन धडपडताना दिसली तर तीन दिवसांसाठी ती लेन्स त्यांच्या हातात द्या. कुणाकुणाचे फोटो तिनं काढले तेही सांगा.

आमच्या मामाजींची पन्नासची सध्या सौंदडच्या एका मुलाकडे आहे. भातगिरणीवर तो लघुपट करतो आहे. सोमवारी परत आणून देणार आहे.